पर्वातली हळद

आमच्या जैन घरी दशलक्षण पर्वात, भाद्रपदातल्या त्या दहा दिवसांत, जमिनीला लोखंड लागत नसे. कुदळ, खोरं धुऊन गोठ्याच्या भिंतीला टेकवायचं. मातीतले जीव निदान या दिवसांत आपल्या हातून मरू नयेत, हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नेम. एरवी मला तो जड जात नव्हता. पण एका वर्षी ऐन पर्वात नदीचा पूर ओसरला आणि आमच्या खालच्या पट्टीतलं पाणी उतरलंच नाही. पाणी काढून देणारा चर गाळानं बुजला होता. हळद पाण्यात उभी राहून पिवळी पडत चालली होती. पुढच्या लागणीचं बेणं आम्ही त्याच पट्टीतून राखायचो. कंद कुजले की वाडवडिलांपासून चालत आलेलं घरचं बेणं संपलं.

"अण्णा, चर काढल्याबिगर जमणार न्हाई."

"पर्व झाल्यावर काढू."

"तवा काय ऱ्हाणार हाय?"

माझं डोकं फिरलं. नेम तुमचा आणि मरायचं हळदीनं, असं मी तोंडावर बोललो. पर्वाच्या व्रतात दिवसातून एकदाच जेवणाऱ्या माणसाशी भांडायची लाज वाटत होती, तरी राग आवरत नव्हता.

शेवटी ठरवलं, पानांवाटे तरी पिकाच्या पोटात काही घालू. मुळं गुदमरलेली, जमिनीत टाकलेलं खत त्यांना लागणार नव्हतं. मी बादलीत पानांवर फवारायचं एकोणीस-एकोणीसचं खत विरघळवायला बसलो, तसे अण्णा जवळ आले.

"किडीचं औषध न्हाई न्हवं त्यात?"

"न्हाई. नुसतं खत हाय."

"मग मार."

पंप पाठीवर घेऊन मी चिखलातून फवारत चाललो. शेवटच्या सरीला वळलो, तर अण्णा चरात बसलेले. धोतर वर खोचून दोन्ही हातांनी गाळ उपसत होते. ओंजळभर काढायचा, बोटांनी चाचपायचा, गांडूळ लागलं की बांधावरच्या ओल्या गवतात सोडायचं. तेही उपाशी पोटी. मी पंप उतरवला आणि शेजारी बसलो. मीही ओंजळीनं गाळ काढू लागलो. दुपार कलली तसं पाणी ओढ्याकडे सरकायला लागलं.

पाणी हटल्यावर आणखी फवारण्या केल्या. सखल भागातली हळद कुजलीच. बाकीच्या हळदीला हिरवं पान फुटलं, बेण्यापुरते कंद निघाले. अण्णा म्हणाले, "खत चांगलं हाय रं." स्वतःच्या हातांचं त्यांनी नावही काढलं नाही.

ते गेल्यानंतरच्या पर्वात पट्टीत पुन्हा पाणी साचलं. आता अडवणारं कुणी नव्हतं. गोठ्यात जाऊन मी कुदळ उचलली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिलो. मग ती भिंतीला टेकवली, शेतात गेलो आणि चरात बसलो. पहिल्याच ओंजळीत गांडूळ वळवळलं. ते गवतात सोडताना मला रडू आलं.