विमान नागपूरवरून गेलं

टोकियोहून नागपूर किती लांब, हे आमच्या घरात कधी कुणी मोजलं नव्हतं. धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आईंसाठी ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या," तेव्हा मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलं. मुंबईपर्यंत दहा तास. तिथून नागपूरचं विमान मिळत होतं ते थेट दुसऱ्या सकाळी. आई तोवर थांबेल का, ते मोबाइल सांगत नव्हता.

दादा सकाळीच टोकियोहून निघाला. इकडे मी आईला चमच्याने पाणी पाजत होते. मागतील तेवढं द्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ती सारखी मागत होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. आत्याला मात्र माझा चमचा खुपत होता.

"आपल्यात शेवटचं पाणी लेकाच्या हातचं असते वं," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "शेवटचं काहून म्हणून राहिली तू? तहान लागली आहे तिले!"

दुपारी मोबाइलवरच्या नकाशात दादाचं पिवळं विमान कलकत्त्यावरून आत शिरलं. मग रायपूर, भंडारा. दवाखान्याच्या छतावरून माझा भाऊ चालला होता आणि खाली उतरणार नव्हता. उतर ना मेल्या, असं मी त्या पायलटवर मनातल्या मनात ओरडले.

आत्या मागून डोकावली. तिला विमानाखाली नागपूरचं नाव दिसलं, बस्स. ती आईच्या कानाशी वाकली. "वैनी, पोरगा आला वं! नागपुरात आला!"

आईने डोळे उघडून दाराकडे पाहिलं. मी चमचा पुढे केला तर तिने मान फिरवली.

"तो पाजेल," म्हणाली.

"आई, तो अजून विमानात आहे गं. मुंबईला उतरणार आहे."

"नागपुरावरून जाते अन् नागपुरात उतरत नाही?" आत्या माझ्यावरच खेकसली. "कायले घाबरवतं तिले?"

आईने आत्याचं ऐकलं. विमान अकोल्याकडे सरकत गेलं आणि ती दाराकडे बघत राहिली. मी हातापाया पडले, रागावले, रडले. तिने ओठ उघडले नाहीत. संध्याकाळी ती तशीच गेली. मोबाइलवर दादाचा मेसेज येऊन पडला होता: 'मुंबईत उतरलो. आईला सांग.'

रात्रीच आईला आम्ही नंदनवनच्या घरी आणलं होतं. सकाळी दादा तिथे पोचला. आत्याने वाटी-चमचा त्याच्या हातात दिला. त्याने चमचा आईच्या ओठांना लावला. पाणी मिटलेल्या ओठांवरून गालावर आणि गालावरून कानामागे ओघळलं.

"मिळालं बाप्पा लेकाच्या हातचं," आत्या डोळे पुसत म्हणाली.

मी ओढणीने आईचा कान पुसला. ओठांवरच्या भेगा तेवढ्या ओल्या झाल्या होत्या.