बिरादारबाईंचा अर्धवट कागद

चंद्रकला बिरादार यांना पूर्ण झालेलं काम दाखवायची सवय नव्हती. अर्धा झालेला कागद त्या समोर येईल त्याच्या हातात द्यायच्या, "बघा जरा, कुठं अडकतंय?" म्हणायच्या आणि तो वाचत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. लातूरच्या आमच्या महाविद्यालयात प्राचार्यांपासून शिपाई गफूरभाईंपर्यंत सगळ्यांनी त्यांचे कागद वाचलेले. मी मात्र शेवटचा पूर्णविराम दिल्याशिवाय माझा कागद कुणाला दाखवत नसे.

अन्वी, रोहन, माझ्या नातवंडांनो, तुम्ही दोघं तिकडे संगणकावरच काम करता, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे. बाई आणि मी एकाच, संगणक विभागात शिकवत होतो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; त्या देगलूरच्या, रागावल्या की तेलुगूत बोलायच्या. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा बारा वर्षं मी घेत होते. एक विद्यार्थी, एक संगणक, पूर्ण शांतता. निकाल ठरल्या मिनिटाला लागायचा.

एके वर्षी प्राचार्यांनी विचारलं, "यंदा काही नवं?"

बाई म्हणाल्या, "सर, पोरं एकेकटी लई हुशार हायत. दोघं एका कामाला लावली की भांडत्यात. तेच शिकवू की."

त्यांनी मांडलं ते असं. सगळ्यांनी मिळून एकच ॲप करायचं, लग्नघराचं. चार संघ, चार सुटे भाग: पाहुण्यांची यादी, स्वयंपाकाचा अंदाज, गाड्या, मांडव. दुपारी ते भाग एकमेकांना जोडायचे. आणि आपला भाग दुसऱ्यांना किती सहज वापरता आला, यावर आपले गुण.

"हे न्याय्य नाही," मी म्हणाले. "चांगलं काम करूनही गुण जातील."

"मॅडम, भाजी झ्याक केली आन् वाढप्याला पळीच दिली न्हाई, तर पंगतीनं काय करावं?"

प्राचार्य मोठ्यांदा हसले. बारा वर्षांत माझ्या स्पर्धेच्या बैठकीत कुणी हसलं नव्हतं. ते म्हणाले, यंदा बाईंच्या पद्धतीनं करू. फसलं तर पुन्हा मॅडमच्या.

त्या दिवसापासून मला बाईंचं काही बघवेना. मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्या टेबलाभोवती गर्दी करायची, कुणी त्यांच्याच डब्यातली चटणी खायचं. माझ्याकडे मुलं परवानगी मागूनच यायची. ती शिस्त मीच लावली होती, आणि आता तीच मला टोचत होती.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी बाईंनी एक तक्ता माझ्यापुढे ठेवला. कोणता भाग दुसऱ्या भागाला काय देणार, हे त्यात लिहिलेलं. चारही संघ त्यावर विसंबून काम करणार होते. "बघा जरा, कुठं अडकतंय?"

मला दुसऱ्याच ओळीत दिसलं. 'पाहुणे: संख्या.' कशाची संख्या? बाईंच्या देगलूरकडे लग्नाचं आवतण चूलबंद असतं. त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. म्हणून यादीत चुली मोजतात. शहरातली मुलं माणसं मोजणार. लाल पेन माझ्या हातातच होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि कागद परत दिला.

स्पर्धा नांदेडला झाली. यादी देगलूरच्या संघाकडे होती, स्वयंपाक लातूरच्या. दुपारी भाग जोडले आणि पडद्यावर आलं: पाहुणे अडीचशे, तांदूळ पंचवीस किलो.

देगलूरचा एक मुलगा उठून ओरडला, "अबे, अडीचशे चुली हायत त्या! हजाराच्या वर माणूस यील. नवरदेव उपाशी ऱ्हाईल!"

"मग चुली म्हणून लिहायचं ना! आम्हाला काय स्वप्न पडतंय?" लातूरची मुलगी म्हणाली.

एकच कालवा झाला. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिहायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बाई मात्र पोट धरून हसत होत्या. "खोट माझ्या कागदात हाय रे! आता त्यो कागद समद्यांचा. अर्धा तास घ्या, टेबलं सोडा आन् नीट करा."

मुलं एकमेकांच्या टेबलांवर जाऊन बसली. चुलीमागं माणसं किती धरायची? कुणी पाच म्हणालं, कुणी आठ. शेवटी चुली आणि माणसं असे दोन्ही आकडे द्यायचे ठरलं, फळ्यावर नवा तक्ता झाला आणि चारही भाग जुळले. जसा गलका उठला, तसा माझ्या स्पर्धेत कधी उठला नव्हता. स्पर्धा यापुढे अशीच होईल, असं प्राचार्यांनी तिथंच सांगून टाकलं.

परतीच्या बसमध्ये बाईंनी माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. "मॅडम, पडद्यावर ते दिसलं तवा वाटलं, बुडालं समदं. मंग म्हणलं, तुमच्या नजरंतनं सुटलं, मंजी कुणाच्याबी सुटलं असतं. तेवढ्यावर धीर धरला बगा."

मी शेंगा सोलत राहिले.

पुढे दरवर्षी तो तक्ता त्यांनी आधी मलाच दाखवला. आम्ही दोघी निवृत्त झालो. गेल्या दिवाळीनंतर देगलूरला बाई वारल्या. हेवा गेला असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या घरापुढे जमलेले विद्यार्थी मोजताना तो पुन्हा जागा झाला.

यंदाचा तक्ता नव्या शिक्षकांनी मला ईमेलनं पाठवला. खाली बाईंचं "बघा जरा, कुठं अडकतंय?" अजून छापतात. मी चार अडणाऱ्या जागा शोधून लगेच कळवल्या. पाचवी जागा त्या जुन्या तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीतली होती. ती बाईंना सांगायची राहिली, म्हणून तुम्हाला लिहिली.