नवऱ्याचं नाव न अडखळता सांगणारी बाई

मतपत्रिका तिच्या घशात अडकली होती आणि तिचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. मतदान केंद्राच्या दारात, रांगेतल्या सगळ्या बायकांच्या देखत ती गुडघ्यांवर बसली. आवाज निघत नव्हता. मी तिचं डोकं काखेत धरलं आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या तोंडात घातली. ती चावली. मी बोटं काढली नाहीत. कागद लाळेने बुळबुळीत झाला होता, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा नखात आला. तो ओढून काढला तेव्हा तिने घेतलेला श्वास रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले. ही विसरले नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीची गोष्ट. काही महिन्यांपूर्वी मध्य भारत हे राज्य मोडून नवा मध्य प्रदेश झाला होता आणि राजधानी भोपाळला गेली होती. आम्ही राहायचो लष्करात. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा एक भाग, फौज नव्हे. तिथली जी मराठी घरं दरबारच्या काळापासून कारकुनी करत आली होती, त्यातली बरीच कचेऱ्यांच्या मागोमाग बोचकी बांधून भोपाळला गेली. माणसं गेली, पण मतदार यादी आधीच तयार झालेली होती, त्यामुळे नावं इथेच राहिली. यादीत नाव आहे आणि माणूस गावात नाही, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला त्याचा उपयोग कसा करायचा ते शिकवावं लागत नाही.

पोलिसांत तेव्हा आम्ही मोजक्या बायका होतो. बायकांची झडती घ्यायची, कोठडीतल्या बाईजवळ बसायचं, तिला कोर्टात न्यायचं आणि आणायचं, एवढंच काम. निवडणुकीत आणखी एक काम लागलं. बायकांची केंद्रं वेगळी होती आणि पदराआडच्या बाईची ओळख बाईनेच पटवायची असा वरून हुकूम होता.

बातमी दिली लष्करातल्याच दौलतगंजच्या एका कासारणीने. मतदानाच्या दोन दिवस आधी मी तिच्या दुकानावरून चालले होते. तिने हाक मारून बसवलं आणि विचारलं, की पोलिसांच्या कानावर गावातली काही लग्नं आली आहेत का. मी म्हटलं, कसली लग्नं?

"सकाळी तीन बायका हिरवा चुडा भरून गेल्या," ती म्हणाली. "तिघींचे हात माझ्या हातात होते गं. रोज बांगडी घालणारीचा पंजा आपसूक दुमडतो. यांना दुमडायचं कसं तेच आठवेना. वर्षानुवर्षं काच चढलेली नाही त्या मनगटांवर. विधवा आहेत तिघी. एका दिवशी तीन विधवा लग्न लावतात का आपल्या ग्वाल्हेरात? लावत असतील तर माझ्यासाठी पण बघून ठेव एखादा."

ती स्वतः विधवा होती, म्हणून असं बोलू शकत होती. बायकांबरोबर एक माणूस होता, पण तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. तिने त्याची फक्त पाठ पाहिली.

मी ठाण्यावर जाऊन सांगितलं. आमचे ठाणेदार हिंदी बोलणारे, माणूस सरळ, पण त्या आठवड्यात झोप नसलेला. "अब चूड़ियों की भी रपट लिखें?" म्हणाले आणि हसले. रोजनामच्यात काही लिहिलं नाही. पण माझी नेमणूक बदलून दौलतगंजच्या बायकांच्या केंद्रावर केली. तेवढं त्यांच्या हातात होतं, तेवढं त्यांनी केलं.

केंद्र एका शाळेत होतं. केंद्राध्यक्ष कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. टेबलावर दोन शिक्षिका यादी घेऊन बसलेल्या. मागे बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी, सगळे पुरुष. एका कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. बाईने आपलं आणि नवऱ्याचं नाव सांगायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, नोटेएवढी मतपत्रिका घ्यायची आणि पडद्यामागे जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची.

सगळा खोळंबा नवऱ्याच्या नावाशी होत होता. आमच्या बायका ते घेत नाहीत. शिक्षिकेने विचारलं की बाई खाली बघायची, मागच्या जावेला कोपर मारायची, तूच सांग म्हणायची. एकीने समोरच्या देवळाकडे बोट दाखवलं. नवऱ्याला त्या देवाचं नाव होतं. एकीने चक्क उखाणा घेतला. रांग हसली आणि केंद्राध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

मग ती आली. पस्तिशीची, अंगाने काटकुळी, कपाळावर ठळक कुंकू, हातात हिरवा चुडा. शिक्षिकेने नाव विचारलं, तिने सांगितलं. नवऱ्याचं विचारलं. तिने नाव, वडिलांचं नाव, आडनाव एका दमात सांगितलं, शाळेत हजेरी द्यावी तसं. जीभ कुठे अडली नाही, मान खाली गेली नाही. पाठ करून आलेलं नाव होतं, नवऱ्याचं नव्हतं.

मी केंद्राध्यक्षांजवळ गेले. म्हटलं, "सर, ही खोटी आहे."

"कशावरून?"

"नवऱ्याचं नाव लगेच सांगितलं."

"म्हणजे उत्तर बरोबर दिलं म्हणून संशय घ्यायचा?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. हे कागदावर कसं लिहू, म्हणाले. तरी त्यांनी प्रतिनिधींना विचारलं, कोणाची हरकत आहे का. त्यातला एक तर, वहिनीच आहेत, मी ओळखतो, असं म्हणाला. हरकत नाही तर मतपत्रिका द्यावी लागते. त्यांनी ती देवविली. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. शिपायाला संशय आला म्हणून मत अडायला लागलं तर निवडणूक शिपायांचीच होईल.

ती पडद्यामागे गेली आणि लगेच बाहेर आली. चिन्हं बघायची, पेटीची फट शोधायची, कागद आत ढकलायचा, याला वेळ लागतो. तिला काहीच वेळ लागला नव्हता आणि डावा हात पदराखाली होता. मी दारात तिला आडवी आले आणि दरडावून म्हटलं, हात दाखव. तिने हात तोंडाकडे नेला. पुढचं वर सांगितलं आहे. मी तिला हळूच बाजूला घेतलं असतं तर तिने तो गिळायचा प्रयत्न केला नसता. ही माझी चूक. ती मी अहवालात लिहिली नव्हती.

केंद्राध्यक्षांनी लेखी तक्रार दिली आणि तिला ठाण्यावर आणलं. माझ्या बोटांना पट्टी, तिचा घसा सोललेला. ठाणेदारांनी "किसने भेजा?" हे दहा वेळा विचारलं, दहा वेगवेगळ्या आवाजांत. ती भिंतीकडे बघत राहिली. शेवटी ते मला म्हणाले, तू बघ.

ओरडण्याचा उपयोग घाबरलेल्या माणसावर होतो. ती घाबरलेली नव्हती, ठरवून बसली होती. हळूहळू एवढं कळलं, की ती कोणाच्या तरी मेहरबानीच्या खोलीत राहते. नाव सांगितलं तर खोली जाणार. नाही सांगितलं तर तुरुंग, पण तुरुंगातून सुटल्यावर परत यायला खोली राहणार. तिने तुरुंग पसंत केला होता. तिच्या जागी मीही तोच केला असता.

जबाबाच्या कागदावर पहिली ओळ नावाची. मी म्हटलं, "नाव सांग. भोपाळला गेलेल्या त्या कारकुनाच्या बायकोचं नको. तुझं."

तिने आधी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुठलं? माहेरचं का सासरचं?"

"हाक मारली की ज्याला वळतेस ते."

"हाक कोण मारतंय. सगळे मावशी म्हणतात."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. खरंच आठवत होती. मी विचारलं, तुझं स्वतःचं नाव यादीत नाही का? तेव्हा तिने सांगितलं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादीवाले दारात आले. दिराने दारातूनच लिहायला सांगितलं, अमक्याची आई. ते मूल चार वर्षांचं होऊन वारलं होतं. पुढे दिल्लीहून आयोगाचा हुकूम आला, की अमक्याची आई, तमक्याची बायको हे नाव नव्हे; बाईने स्वतःचं नाव द्यावं, नाहीतर नोंद निघेल. मुदत दिली, दवंडी पिटवली. दीर म्हणाला, घरातल्या बायकांची नावं चव्हाट्यावर कशाला? नोंद निघाली. आपण यादीत होतो आणि निघालो, हे तिला कितीतरी दिवसांनी कळलं. दीर पुढे भोपाळला गेला. तिला नेलं नाही.

"मला राग आला होता ना बाई," ती म्हणाली. "तो कारभारी म्हणाला, तुला कुठे मत आहे? तुझं काय जातंय? एकीचं इथे पडून आहे, ते घेऊन ये. माझं असतं तर मी दुसरीचं कशाला घेतलं असतं?"

बोलून गेल्यावर तिला कळलं की कारभारी हा शब्द तोंडातून गेला. ती थांबली. मीही थांबले. अशा वेळी विचारणाऱ्याने गप्प बसायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण कोठडीत बायकांजवळ बसून बसून आलं होतं.

"लिहा आता," ती म्हणाली आणि माहेरचं नाव सांगितलं. मग पुढचं सगळं सांगितलं.

लष्करातल्या एका खाजगी देवळाच्या खोल्यांत निराधार विधवांना राहू देत. कारभारी तिथलाच. भोपाळला गेलेल्यांची यादी त्याने करून ठेवली होती आणि बायकांना सांगितलं होतं, मत टाकायचं नाही, कागद बाहेर आणायचा. कोणी कुठे टाकलं हे त्याला कळणार नाही म्हणून कागदच हवा होता. शेवटी जाणारी बाई ते सगळे एकदम त्याच्या उमेदवाराच्या पेटीत टाकणार होती. कोणी पकडलं तर कागद गिळून टाका, हेही त्यानेच शिकवलं होतं. तिने ते शब्दशः पाळलं.

ठाणेदार पंच घेऊन देवळात गेले. कारभारी पाटावर जेवायला बसला होता. त्याला उठवलं, पाट उचलला. खाली मतपत्रिका होत्या. तो म्हणाला, यात्रेकरूंनी ठेवल्या असतील. ठाणेदारांनी पुढच्या कित्येक वर्षांत हे वाक्य ठाण्यावर सगळ्यांना ऐकवलं.

देवळातून मालकांकडे निरोप जायला वेळ लागत नाही. संध्याकाळी जबाब घेऊन तिला सोडलं आणि मी तिला घेऊन गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि पायरीवर एक वळकटी, तांब्या, दोन लुगडी. शेजारच्या खोल्यांची दारं बंद होती. त्यातल्याच दोघी तिच्याबरोबर चुडा भरायला गेल्या होत्या. तिने कोणाचं दार वाजवलं नाही. मी वळकटी उचलली आणि तिला पोलीस लाइनमधल्या माझ्या खोलीत आणलं. लोक याला दया म्हणतात. खटल्याची मुख्य साक्षीदार रस्त्यावर पडली तर दोन दिवसांत फुटते, हे मला माहीत होतं.

ती फुटली नाही. तिला माफीची साक्षीदार केलं आणि तिने कोर्टात सगळं सांगितलं. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, बाई, तुम्ही खोटं कुंकू लावलं होतं ना? ती म्हणाली, कुंकू खरं होतं, नाव खोटं होतं. कारभाऱ्याला शिक्षा झाली आणि देवळातली जागा गेली. तो ज्या उमेदवारासाठी हे करत होता त्याला यातलं काही ठाऊक होतं का, हे सिद्ध झालं नाही. तो निवडून आला नाही, पण ते या कागदांमुळे नव्हे.

पुढे याद्या पुन्हा तपासायचं काम निघालं. गेलेल्यांची नावं काढायची, राहिलेल्यांची घालायची. बायकांकडे बायकाच पाठवल्या आणि काही दिवस मला त्यांच्या सोबत दिलं. दारात पुरुष यायचा, आमच्या बायकांचं मी सांगतो म्हणायचा. मी म्हणायची, तुमचं सांगून झालं, आता ती सांगेल. एका घरात सासूबाई आतून ओरडल्या, तिला नाव आहे, ती मुकी नाही. काही घरांत अर्धा तास लागायचा. एकदा नाव सांगितल्यावर बाई ते परत एकदा सांगायची, नीट लिहिलं का बघायला.

आयोग दिल्लीत होता. त्याचे साहेब मी कधी पाहिले नाहीत. माझ्यापर्यंत पोचले ते त्याचे हुकूम, शाई, पडदा, यादी आणि एक प्राध्यापक, ज्यांनी नियमासाठी माझं ऐकलं नाही. मला त्या दिवशी राग आला होता. आता वाटतं, त्यांनी नियम पाळला आणि मी डोळे उघडे ठेवले, दोन्ही लागलं. नाव नसेल तर मत नाही, हा हुकूमही लोकांना कठोर वाटला होता. लाखो बायका गळल्या म्हणून ओरड झाली. हुकूम बरोबर होता. चूक दारात उभं राहून दुसऱ्याचं नाव सांगणाऱ्यांची होती. आणि जिला स्वतःचं नाव कोणी विचारत नाही, तिच्या गळ्यात दुसरीचं नाव बांधणं सोपं जातं, हे मी या प्रकरणात शिकले. पुढे सगळ्या नोकरीत बाई समोर आली की मी आधी तिचं नाव विचारलं, मग गुन्हा.

तिला नंतर मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि त्याच आवारात खोली, कुलूपकिल्लीसकट. तिसऱ्या निवडणुकीत ती रांगेत उभी राहिली आणि स्वतःच्या नावाने मत देऊन आली. मी तेव्हा दुसऱ्या केंद्रावर होते, पाहिलं नाही. तिनेच येऊन सांगितलं, दोन वाक्यांत.

केंद्राध्यक्ष गेले. ठाणेदार गेले. कासारीण गेली, कारभारीही गेला. मी आहे, आणि ती आहे.