गंगाळातली अबोली

भिंतीपलीकडच्या काकू अबोलीला पाणी घालताना तिच्याशी मोठ्याने बोलायच्या. "पी वो माय, लाजून काय राहिली?" मी कॉन्व्हेंटात शिकणारी, घरातही दबक्या आवाजात बोलणारी. ते मलाच म्हटलंय असं वाटायचं.

अबोली लावली होती त्यांच्या माहेरच्या पितळी गंगाळात. काका वारले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात कोंढ्याहून त्यांचे दीर आले.

"वैनी, एकटीले एवढं गंगाळ कायले पायजे? माह्या पोरीच्या आंदनात देतो."

"न्या ना भाऊजी, उचला."

दिरांनी कड्या धरून गंगाळ कलतं केलं. बुडाला बोटभर भोक होतं. भोकाचं भांडं आमच्याकडे आंदणात कुणी देत नाही, अपशकुन मानतात.

"काहून पाडलं भोक?"

"पानी साचलं तं मुळं सडतेत." काकूंनी तांब्या भरून घेतला. "अन् गंगाळ माह्या बापानं मले देल्लं होतं, भाऊजी. तुमच्या घराले नाही."

त्यांनी पाणी ओतलं. जरा वेळाने अबोलीची वाळकी बोंडं भिजून तडतडली आणि बिया दिरांच्या धोतरावर उडाल्या.

"लोकायले सांगीन मी," दीर फाटकाकडे जाताना म्हणाले, "सोन्यासारखं भांडं नासवलं म्हनून."

"सांगा ना! म्याच लोहाराकडून पाडून आनलं." भिंतीवरून मी बघत होते, तिकडे काकू वळल्या. "तू पाह्यलं होतं ना वो बाई?"

दीर थांबून माझ्याकडे पाहत होते. एरवी मी आत पळाले असते.

"हो," मी मोठ्याने म्हटलं. "गंगाळ काकूंचंच आहे."