दोऱ्याने पाडलेली खाच

शिंपीकाकांनी चाळीस वर्षं दोरा दातानेच तोडला. कात्री हाताशी असायची, पण स्वभावाला औषध नाही. दोऱ्याने समोरच्या दाताला बारीक खाच पडली होती आणि आता गार पाणी प्यायलं तरी तिथून कळ निघायची. म्हणून बायकोने दातांच्या विम्याची पत्रकं आणून ठेवली.

स्वस्त विम्यात नुसती तपासणी आणि सफाई होती. महागड्यात नवा दात बसवायचाही खर्च मिळणार होता, पण आधीपासून दुखणाऱ्या दाताला वर्षभर काही मिळणार नव्हतं. काकांनी महागडा निवडला आणि अर्जातल्या एका प्रश्नापाशी अडले: सध्या दातांची काही तक्रार आहे का?

"नाही म्हणून टाका. तोंडात कोण डोकावतंय?" बायको म्हणाली.

"डॉक्टर डोकावतील ना," काका म्हणाले. खरं लिहावं तर वर्षभर कळ सोसा, खोटं लिहावं तर हप्ते भरून ऐन वेळी तोंडघशी पडा. शेवटी त्यांनी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी विमेवाला अर्ज न्यायला दुकानात आला. त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. काकांना ते बघवेना. त्यांनी उभ्या उभ्याच बटण लावून दिलं, गाठ मारली आणि सवयीने वाकून दोरा दाताने तोडला.

कळ थेट कपाळात गेली. काका गाल धरून खाली बसले.

विमेवाल्याने घडी घातलेला अर्ज उलगडला आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.