तीन बाजार चुकले की पोस्टकार्ड

मेहकरच्या आमच्या कुष्ठरोग केंद्रात रोग्यांच्या कार्डांची पेटी आली आणि माझी वही बाद झाली. तो राग अजून गेलेला नाही.

बाजारात भाजी विकत मी मॅट्रिक झालो आणि ही नोकरी मिळवली. त्यामुळे मला ठाऊक होते, हा रोगी स्वतःच्या गावात गोळ्या घेत नाही. परगावच्या बाजारात, गर्दीत घेतो. म्हणून माझ्या वहीत नाव-गाव नव्हते. बाजाराचा वार आणि माणसाची खूण, एवढेच. कार्डावर मात्र नाव, घर, पत्ता. तीन बाजार चुकले की कारकुनाने पोस्टकार्ड टाकायचे.

“उघडं पोस्टकार्ड, साहेब? अर्धं गाव वाचेल,” मी डॉक्टरांना म्हणालो.

“भाजीवाल्यासारखी घासाघीस करू नका.”

कारकून हसला. मी दौत आपटून निघून गेलो. तिथेच चुकलो. थांबलो असतो, तर त्या दुपारी लिहिलेली पत्रे नजरेखालून गेली असती.

दुसऱ्या दिवशी कळले, बीबी गावच्या एका सुनेला पत्र गेले आहे: ‘कुष्ठरोगाच्या गोळ्या नेण्यास यावे.’ तिला वाचता येत नव्हते. अशा घरांत पोस्टमनच अंगणात उभा राहून पत्र मोठ्याने वाचायचा. सासूने ते ऐकले असते, तर त्याच दिवशी तिचे ताट वेगळे झाले असते आणि लेकरे तोडली गेली असती.

मी पहिल्या एसटीने बीबी गाठली. पोस्टमन थैली खांद्याला लावून निघालाच होता.

“ते कार्ड मले द्या.”

“ज्याचं त्यालेच देतो मी. अन् वाचलं म्या ते.”

“मंग तिथं मी वाचतो. तुम्ही चूप राहा.”

“काऊन चूप राहू?”

मी विनवले, धाक घातला, आवाज चढवला. लोक थांबून पाहू लागले, तसा तो मला भिंतीआड घेऊन गेला आणि त्याने बाही वर केली. कोपराजवळ फिकट डाग होता.

“हे पाहून सांगा. पन केंद्रात माहं कार्ड नाही करायचं.”

मी त्याला डोळे मिटायला लावले आणि कापूस डागावर फिरवला.

“लावा ना,” तो म्हणाला.

डाग बधिर होता. मी कापूस खिशात टाकला. सौदा ठरला.

अंगणात सासू पाखडत होती, सून दारात. “माहा चष्मा फुटला, हे वाचतीन,” पोस्टमन म्हणाला. मी वाचले, “मेहकरची मावशी बिमार आहे. येत्या बाजारी येऊन भेटून जा.”

सासूचे सूप थांबले. “मेहकरले तुही कोन मावशी वं?”

सुनेने मला ओळखले होते; बाजारात गोळ्या मीच द्यायचो. “चुलत हाय,” ती म्हणाली. “आईची चुलत बहीन.”

“आन इकडं. तुह्या सासऱ्याले दाखवतो.”

पण सुनेने कार्ड आधीच माझ्या हातून घेतले होते. ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीचा धूर दाराबाहेर आला.

पुढच्या बाजारी ती आली. डॉक्टरांनी केंद्रातल्या तिच्या कार्डावर लाल शाईने लिहिले, ‘पत्रामुळे हजर.’

“पाहिलंत?” ते मला म्हणाले. “आता सगळ्यांनाच पत्रं टाकू.”

मी भांडलो असतो. पण खरे सांगितले असते, तर पोस्टमनचे नाव घ्यावे लागले असते. माझ्या खिशातल्या वहीत त्याची नवी ओळ होती. खूण: खाकी थैली.

“टाकू, साहेब,” मी म्हणालो. “पण पत्ते मी लिहीन.”