संक्रांतीच्या दिवशी शालींचं शूट

“साळवी साब, ये मेरे कॅटलॉग का कव्हर है या किसी की तेरहवीं?”

बत्राजी ओरडले ते बरोबरच होतं. नोएडात त्यांचा शालींचा कारखाना, मी त्यांचा फोटोग्राफर. धुक्यामुळे मॉडेल अडकल्या. कव्हर आजच छापायला पाठवायचं, नाहीतर माझं काम दुसऱ्याकडे. मी घाबरून बायकोला फोन केला, “सुनंदा, मैत्रिणींना घेऊन स्टुडिओत ये. छान साड्या नेसा.” एवढं बोललो. आज संक्रांत, हे विसरलो.

सगळ्या नखशिखांत काळ्या! वर हलव्याचे दागिने. कोल्हापूरच्या नसरीनवहिनींनी तर काळी चंद्रकळा शोधून काढलेली.

“शुभ काम में काला?” बत्राजी खुर्चीत बसले.

“अहो, तुम्हीच म्हणालात ना, छान नेसा?” सुनंदा मला म्हणाली.

बत्राजींच्या आवडीचा सप्तरंगी पडदा लावून पाहिला. मागे सात रंग, खांद्यावर तितक्याच रंगांच्या शाली. कॅमेऱ्यात नुसती भेळ! शाल कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो, ते बत्राजींनाही सांगता येईना. सगळे रंग एकदम बोलायला लागले की ऐकू कुणाचंच येत नाही, आमच्या घरी जेवताना होतं तसं.

“इथे गुदमरायला होतंय,” म्हणत नसरीनवहिनी गच्चीवर गेल्या. अंगावर शेंदरी शाल तशीच. मी शाल परत आणायला धावलो आणि दारातच थबकलो. मागे पांढरं धुकं, साडी काळी, आणि मधे ती शाल निखाऱ्यासारखी पेटलेली.

“सगळ्या वर या! चलो, चलो!”

बत्राजी अडवायला आले. नसरीनवहिनींनी त्यांच्या तोंडात तिळगूळ कोंबला. “भाईसाब, ये खाने के बाद मीठाही बोलना पड़ता है.”

लाडू चिक्कीच्या गुळाचा होता, दातांना घट्ट चिकटला. बत्राजींचे दात सुटेपर्यंत माझं शूट झालं. मधेच एकीने हसता हसता स्वतःचा हलव्याचा हार खाल्ला. तोच फोटो सर्वात झकास आला.

बत्राजी स्क्रीनकडे बघत राहिले. “वाह! शाल ही शाल दिख रही है. यही कव्हर जाएगा. काले का आयडिया आपका?”

मी तोंड उघडणार, तोच सुनंदा म्हणाली, “बिल्कुल इन्हीं का. कब से सोच रहे थे.”

एखादा रंग खुलवायचा तर आधी बाकीच्यांना गप्प बसवावं, हे त्या दिवशी शिकलो. त्या बाकीच्यांत फोटोग्राफरही येतो. मी गप्प बसलो.